दूध उतू जाण्याआधी

"मॅडम, माइंडफुलनेस मला जमतच नाही. डोळे मिटले की विचार दुप्पट होतात." माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे चाललंय त्याचं भान राखणं. समुपदेशनात ही तक्रार इतक्या जणांकडून ऐकलीय की एकीची गोष्ट सांगावीशी वाटली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

त्या बँकेत नोकरीला, वय पंचेचाळिशीचं. मोबाइलवरचं ॲप, पहाटेचं ध्यान, सगळं करून झालेलं. "मन शांत व्हायलाच हवं ना?" माझा कल विवेकनिष्ठ पद्धतीकडे, म्हणजे 'असंच व्हायला हवं' हे मनातले हट्ट तपासण्याकडे, त्यामुळे कान त्या 'च'वर अडकला. शांत होण्याचाही हट्ट धरला की तीसुद्धा एक परीक्षाच होऊन बसते.

"घरात रोज हमखास काय बिघडतं?"

"दूध उतू जातं. गॅसपाशीच उभी असते, तरी!"

"मग आठवडाभर ध्यान बंद. दूध तापेपर्यंत नुसतं दूध बघायचं."

पुढच्या वेळी चेहरा पडलेला. "तेवढ्यात मन चारदा ऑफिसात जाऊन आलं."

"चारदा गेलं, हे कसं कळलं?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग सावकाश म्हणाल्या, "परत आले म्हणून."

असे क्षण मी जपून ठेवते. मन जाणारच. गेल्याचं कळणं आणि पुन्हा दुधाकडे येणं, हाच सगळा सराव. माइंडफुलनेससाठीचा पाली भाषेतला मूळ शब्द 'सति', तो आपल्या 'स्मृती'चाच भाऊ. भान राखणं म्हणजे पुन्हा पुन्हा आठवण ठेवणं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात माइंडफुलनेसचा जो कार्यक्रम सुरू केला, तोही जुनाट दुखण्यांनी गांजलेल्यांसाठी होता. मन रिकामं करणं हा त्याचा हेतू नव्हता. दुखतंय तेव्हा नेमकं काय होतंय, ते बघायला तिथे शिकवत.

तुम्हीही रोजचं एकच काम धरा. अंघोळीचा पहिला तांब्या, चहाचा पहिला घोट. मन भरकटलं तर स्वतःवर चिडू नका. मात्र डोळे मिटल्यावर छाती धडधडत असेल, जुने आघात वर येत असतील, तर रेटू नका. डोळे उघडे ठेवा आणि तज्ज्ञांशी बोला.

तिसऱ्या भेटीत त्या स्वतःहूनच सांगू लागल्या. "वर येण्याआधी कडेची साय सुरकुतते, ते दिसतं आता. परवा लेकाचे मार्क बघून माझे दात आवळले गेले, तेही तसंच आधी दिसलं. पाणी प्यायले, मग त्याच्या खोलीत गेले."

"काय बोललात?"

"'जेवलास का रे?' एवढंच."