चमकीचे मेणबत्ती-स्टँड: सुरुवातीला एवढंच सांभाळा

ताई, पहिल्याच दिवशी गणपत गल्लीच्या बाजारात जाऊन नव्या काचेच्या बरण्या घेऊ नका. घरातली लोणच्याची, जॅमची रुंद तोंडाची बरणी बास झाली. टी-लाइट, म्हणजे छोटी चपटी मेणबत्ती, साधारण ३८ मिलिमीटर रुंदीची असते. ती आत बसून आजूबाजूला बोटभर जागा राहिली पाहिजे. काच पातळ असेल तर ती बरणी बाजूला ठेवा, उष्णतेनं तडकते.

खरी गंमत आणि खरा घोळ पुसण्यात आहे. लेबल कोमट पाण्यात भिजवून काढा, उरलेल्या चिकट डागाला खोबरेल तेल चोळा. पण मग ते तेल साबणानं पूर्ण घालवायचं! मी पहिल्या वेळी नुसतं फडक्यानं पुसलं. सकाळी बघते तर चमकी पापुद्र्यासारखी सोलून टेबलावर.

बाकी तीन गोष्टी:
- चमकी बाहेरूनच लावा. आत ज्योत असते. वरच्या काठाखाली दोन बोटं काच मोकळी सोडा.
- फेव्हिकॉल पातळ थरात, ब्रशनं. जाड लावला की ओघळतो.
- खाली वर्तमानपत्र घाला, सांडलेली चमकी परत डबीत जाते. पैसे तिथंच वाचतात.

आणि घाई नको. आपल्या बेळगावच्या पावसात फेव्हिकॉल लवकर वाळत नाही, म्हणून मी हे काम नवरात्रानंतरच काढते. पांढरेपणा जाऊन पारदर्शक झाला की वाळला समजा.

नक्षी, दोन रंग, स्टेन्सिल हे सगळं नंतर. आधी एकाच रंगाच्या चार बरण्या करा. पेटवल्यावर मात्र पडद्यापासून लांब ठेवा, आणि तिथून उठून जाऊ नका.