बाटली उघडण्याआधी: हायड्रोफ्लोरिक आम्लाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रयोगशाळेतील धोकादायक रसायनांवर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांत हायड्रोफ्लोरिक आम्लाचा उल्लेख इतक्या वेळा आला, की या अंकातील संपूर्ण सदर त्यालाच देणे योग्य वाटले. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न: मी भूशास्त्रात एम.एस्सी. करते. बेसाल्टचे नमुने विरघळवण्यासाठी आमच्या विभागात हे आम्ल वापरतात. पाठ्यपुस्तकात हायड्रोक्लोरिक व सल्फ्युरिक ही तीव्र आम्ले आणि हायड्रोफ्लोरिक हे सौम्य आम्ल म्हणून दिलेले आहे. असे असताना आमच्या मॅडम याच बाटलीला सर्वांत जास्त का जपतात?

तुमच्या मॅडमचे अगदी बरोबर आहे. पाठ्यपुस्तकातील वर्गीकरण पाण्यात आम्लाचे किती रेणू आयनांत विभागले जातात यावर केलेले असते. ते आम्ल शरीराची किती हानी करील, याचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही. या आम्लाच्या बाबतीत तर हा सौम्यपणाच घातक ठरतो. सल्फ्युरिक आम्ल त्वचेला लागताच वरचा थर जाळते आणि माणूस तत्क्षणी हात मागे घेतो. हायड्रोफ्लोरिक आम्लाचे बरेचसे रेणू न विभागलेले, म्हणजे विद्युतभार नसलेले असल्यामुळे ते त्वचेतून सहज आत झिरपतात, स्नायूंपर्यंत आणि प्रसंगी हाडापर्यंत पोहोचतात, आणि तेथे सुटा झालेला फ्लोराइड आयन शरीरातील कॅल्शियम व मॅग्नेशियमला घट्ट बांधून टाकतो. रक्तातील कॅल्शियम अशा रीतीने घटले की हृदयाचे ठोके अनियमित होतात. मृत्यू येतो तो बहुधा या मार्गाने; त्वचेवरची जखम त्या मानाने लहानही असू शकते.

दुसरी गोष्ट वेदनेची. पन्नास टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे आम्ल लागल्यास आग लगेच जाणवते. २० ते ५० टक्क्यांच्या द्रावणाने वेदना सुरू व्हायला एक ते आठ तास लागू शकतात, आणि त्याहून पातळ द्रावणाचा परिणाम कधी कधी चोवीस तासांनी दिसतो. दुपारी बोटावर पडलेला थेंब विद्यार्थी पुसून टाकतो, त्वचा जेमतेम गुलाबी दिसते, आणि रात्री वसतिगृहात ठणक सुरू होते तेव्हा त्या थेंबाशी तिचा संबंध त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून दुखत नाही हा या आम्लाच्या बाबतीत काहीच पुरावा नव्हे, हे विभागातील प्रत्येकाच्या मनावर ठसवले पाहिजे.

खडकांवर काम करणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील घटना जरूर माहीत करून घ्यावी. १९९०च्या दशकात तेथे खडकातील परागकण मोकळे करण्याचे काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाच्या मांडीवर ७० टक्के आम्ल सांडले. तो एकटाच काम करीत होता, हातांत मोजे होते, परंतु अंगावर रासायनिक एप्रन नव्हता आणि जवळ या आम्लावरचा उतारा असलेले कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेलही नव्हते. त्याने पाण्याने धुतले, जवळच्या पोहण्याच्या तलावातही उडी घेतली. पुढे एक पाय कापावा लागला आणि सुमारे दोन आठवड्यांनी तो रुग्णालयात मरण पावला. सांडलेले आम्ल काचेच्या एका लहान पेल्यात मावेल, एवढेच होते.

प्रश्न: मी महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. नेहमीचे निळे पातळ हातमोजे या कामाला चालतील का? आणि आम्ल कशात ठेवावे?

एकेरी पातळ नायट्राइल मोजे केवळ चुकून उडालेल्या थेंबापुरते आहेत, आणि तेही थेंब दिसताच काढून टाकायचे या अटीवर. जास्त टक्क्यांचे आम्ल ओतायचे असेल, तर आत नायट्राइल आणि वर कोपरापर्यंत येणारे जाड निओप्रीन किंवा ब्युटाइल रबराचे मोजे घालावेत. वरचे मोजे वापरण्यापूर्वी त्यांत हवा भरून तोंड दाबून धरावे, म्हणजे सुईच्या टोकाएवढे छिद्रही कळते. त्यासोबत घट्ट बसणारा गॉगल, त्यावर संपूर्ण चेहरा झाकणारी ढाल, रबरी किंवा पीव्हीसीचा लांब एप्रन आणि पाऊल झाकणारे बूट असावेत. चप्पल घालून या आम्लाजवळ कोणालाही जाऊ देऊ नका, मग ते प्राध्यापक का असेनात.

हे आम्ल सिलिका विरघळवते. म्हणूनच ते खडकावर चालते आणि म्हणूनच काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा टेफ्लॉनची भांडीच वापरावीत. चूक सहसा साठवणीत होत नाही, ती मोजताना होते: बाटली प्लास्टिकची असते आणि सवयीने हात काचेच्या मोजपात्राकडे किंवा पिपेटकडे जातो. या कामाचे फ्यूम हूड (विषारी वाफ बाहेर ओढून नेणारे, पुढे काच असलेले कपाट) जुने असेल तर त्याच्या काचेकडे एकदा निरखून पाहा. नेहमी काम चालते त्या उंचीवर ती दुधी झालेली दिसेल. बाटलीचे झाकण उघडल्यावर निघणारी वाफ काचेची ही अवस्था करते, तेव्हा फुप्फुसांचे काय होत असेल याची कल्पना करता येईल. म्हणून हे काम चालू फ्यूम हूडमध्येच करावे, आणि माहीतगार असा दुसरा माणूस खोलीत असल्याखेरीज सुरू करू नये.

बाटली नेहमी खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवावी. डोळ्यांच्या पातळीवर किंवा त्याहून वर ठेवलेली बाटली मी कोठेही पाहिली तर आधी ती खाली उतरवायला सांगतो आणि मगच पुढचे बोलतो.

प्रश्न: आमचे गाव तालुक्याचे आहे. कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल येथे मिळत नाही. आम्ल अंगावर पडलेच तर काय करावे?

जेल हाती असल्याशिवाय बाटली उघडूच नये, हे माझे स्पष्ट मत आहे. तयार जेल मागवता येत नसेल, तर ते बनवून घेता येते. कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० टक्क्यांचे इंजेक्शन औषधांच्या दुकानांत किंवा ग्रामीण रुग्णालयात सहसा उपलब्ध असते. १० मिलिलिटरची एक कुपी पाण्यात विरघळणाऱ्या ३० मिलिलिटर वैद्यकीय जेलीत मिसळली की अडीच टक्क्यांचे जेल तयार होते. हे मिश्रण डॉक्टरांच्या किंवा औषधनिर्मात्याच्या सल्ल्याने काम सुरू होण्याआधी करून घ्यावे आणि त्यावर तारीख घालावी. विकतच्या नळीवरील मुदतही दर सत्राच्या आरंभी तपासावी, कारण ती वर्षानुवर्षे प्रथमोपचाराच्या पेटीत पडून राहते.

अपघात झालाच, तर त्याच क्षणी वाहत्या पाण्याखाली उभे राहावे आणि पाणी चालू असतानाच कपडे, घड्याळ, अंगठी काढावी. जेल जवळ असेल तर पाच मिनिटे नीट धुवून लगेच जेल लावावे, कारण आत शिरलेल्या फ्लोराइडला पाणी गाठू शकत नाही, कॅल्शियम गाठू शकते. जेल नसेल तर किमान पंधरा मिनिटे, खरे तर मदत येईपर्यंत, धुवत राहावे. मदत करणाऱ्याने स्वतः मोजे घातल्याशिवाय जखमेला हात लावू नये. जेल हलक्या हाताने चोळत राहावे आणि थोड्या थोड्या वेळाने नवे लावावे. बोटांना लागले असेल तर मोज्यातच जेल भरून तो मोजा हातात चढवावा. बधिर करणारे मलम लावण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. वेदना कमी होणे ही फ्लोराइड निष्प्रभ झाल्याची जवळजवळ एकमेव खूण आपल्याजवळ असते, आणि बधिरपणाने ती खूणच नाहीशी होते.

डोळ्यांत गेल्यास हे जेल घालू नये. पापण्या उघड्या धरून भरपूर पाण्याने धुवावे आणि धुणे न थांबवता डॉक्टरांना गाठावे. वाफ छातीत गेली असेल तर रुग्ण बरा दिसत असला तरी त्याला रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसांत पाणी साचायला काही तास लागू शकतात.

रुग्णालयात ‘ॲसिड पडले’ एवढेच सांगू नका. आम्लाचे नाव, त्याची तीव्रता, वेळ आणि अंगाचा किती भाग भिजला, हे कागदावर लिहून न्या, म्हणजे डॉक्टर ईसीजी लावून रक्तातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियम लगेच तपासतील. जवळच्या रुग्णालयातील डॉक्टरांना काम सुरू करण्यापूर्वीच भेटून हे आम्ल आपल्याकडे असल्याचे सांगून ठेवणे सर्वांत उत्तम. तालुक्याच्या गावी तर अशी भेट अर्ध्या दिवसात होते.

प्रश्न: टेबलावर सांडल्यास वाळू टाकावी का?

नाही. वाळू म्हणजे सिलिका. आम्लाशी तिची क्रिया होऊन सिलिकॉन टेट्राफ्लोराइड हा विषारी वायू निघतो. फ्यूम हूडमधील लहान सांडणीवर चुन्याची भुकटी किंवा कॅल्शियम कार्बोनेट कडेकडून आत असे हळूहळू पसरावे. फेस येईल, घाई करू नये. कॅल्शियम फ्लोराइड हा न विरघळणारा पदार्थ तयार होतो. हूडबाहेर किंवा जास्त प्रमाणात सांडले असेल, तर पुसत न बसता खोली रिकामी करावी. दक्षिण कोरियातील गुमी येथे २७ सप्टेंबर २०१२ रोजी एका कारखान्यातून निर्जल हायड्रोजन फ्लोराइड सुटला; पाच जणांचा मृत्यू झाला, हजारोंना उपचार घ्यावे लागले आणि आसपासच्या शेतांतील पिके करपली. निर्जल स्वरूपात हा पदार्थ १९.५ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक दिवसांत तो वायूच असतो.

प्रश्न: घरात वापरल्या जाणाऱ्या वस्तूंत हे आम्ल असते का?

फरशीसाठी मिळणारे ‘ॲसिड’ साधारणपणे हायड्रोक्लोरिक असते. मात्र गंजाचे डाग काढणारी काही द्रावणे, ॲल्युमिनियम उजळवणारी काही रसायने आणि काचेवर नक्षी कोरण्याची मलमे यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असू शकते, आणि त्यापासूनची इजाही याच प्रकारची असते. वेष्टनावर ‘फ्लोराइड’ हा शब्द दिसला तर ती वस्तू मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, मूळ बाटलीतच ठेवा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवण्याची पद्धत घराघरांत आहे, ती येथे तरी पूर्ण बंद करा. टूथपेस्टमधील फ्लोराइडचे प्रमाण अगदी अल्प असते, तिच्याबद्दल ही भीती बाळगू नये. या द्रावणांपैकी काही हाताला लागून नखांखाली ठणका सुरू झाला, तर बाटली सोबत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.