ऑफिसात कळलं तर?

प्रश्न : मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात क्लार्क आहे. निकालाच्या सीझनला झोप उडते, छातीत धडधडतं. कॅम्पसवरच समुपदेशन केंद्र आहे, बोर्डवर 'विद्यार्थी व कर्मचारी' असं लिहिलंय पण समोरच कॅन्टीन, अर्धं ऑफिस तिथेच चहाला असतं हो! साहेबांना कळलं तर सर्व्हिस बुकात नोंद होईल का?

उत्तर : ताई, सर्व्हिस बुकात नेमणूक, पगार, रजा असल्या नोंदी असतात, तुम्ही कोणाशी काय बोललात ते नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मधे उपचारांची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे, अपवाद आहेत पण ते जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे, साहेबांची उत्सुकता त्यात बसत नाही :) तरी पहिल्याच भेटीत सरळ विचारा की माझ्या नोट्स कोण बघतं, आणि केंद्र तुमच्याच साहेबांच्या हाताखाली येत असेल तर खुशाल बाहेरचा समुपदेशक गाठा, त्यात लाजायचं काय.

कॅन्टीनचं म्हणाल तर फोनवर अपॉइंटमेंट घ्या आणि चहाची वेळ टाळा, बास. समुपदेशक गोळ्या देत नाहीत, गरज वाटली तर सायकियाट्रिस्टकडे पाठवतील. धडधडीसाठी आधी फॅमिली डॉक्टरला दाखवा, थायरॉइडमुळेही होतं असं, सगळं टेन्शनवर ढकलू नका. आणि रात्री दोनला फारच घाबरल्यासारखं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.