फॉलआउट ३ ची लढाई खरंच कच्ची आहे का?

भाऊ, नुसत्या नेमबाजीपुरतं बोलायचं तर हो. २००८ च्या या गेमचं समीक्षकांनी भरभरून कौतुक केलं, पण बंदूक चालवणं ढिलं वाटतं ही तक्रार तेव्हाही होती. नेम तुमच्या हाताइतकाच पात्राच्या कौशल्यावर ठरतो ना! म्हणून 'व्हॅट्स' ही गेममधलीच नेम धरायची सोय वापरा. वेळ थांबते, कुठल्या अवयवाला गोळी लागण्याची किती टक्के शक्यता ते दिसतं. धावून येणाऱ्याचा पाय निकामी करा, तो लंगडतो. राक्षसी मुंग्यांच्या मिशा उडवल्या की त्या पिसाळून एकमेकींवरच तुटून पडतात! जळगावच्या मे महिन्यात, सामसूम दुपारी, कूलरसमोर बसून मी हा गेम दोनदा संपवला. गेममधलं ते अणुयुद्धानंतरचं उजाड वॉशिंग्टन अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.