आधी मोज, मग सूत्र

संभाव्यतेचं गणित दिसलं की लगेच सूत्र शोधू नकोस. दोन फासे असतील तर ३६ जोड्या खरोखर लिहून काढ. बेरीज ७ सहा प्रकारे येते, हे स्वतः मोजलेलं विसरत नाही.

‘किमान एकदा’ असं असेल तर उलट बाजूने जा. फासा चार वेळा टाकून एकदाही सहा न येण्याची संभाव्यता ६२५/१२९६. ती १ मधून वजा कर: ६७१/१२९६, निम्म्याहून जरा जास्त. दोन फासे २४ वेळा टाकून एकदा तरी दोन्ही सहा येण्याची मात्र सुमारे ०.४९१! पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या १६५४ मधल्या पत्रांत हा प्रश्न आहे, नक्की सोडवून बघ.

रोज दोनच गणितं कर, पण दोन रीतींनी. उत्तरं जुळली नाहीत तर बहुधा क्रम मोजायचा की नाही इथेच घोळ असतो. मग मोठ्या संख्येच्या जागी ३ घे आणि सगळ्या शक्यता लिही.