प्रात्यक्षिकाच्या तासाला वर्ग सांभाळताना

प्रश्न : वर्गात ४८ मुलं, प्रात्यक्षिकाला ४० मिनिटं. साहित्य वाटायला घेतलं की सगळी टेबलाभोवती गर्दी करतात, सूचना कुणी ऐकत नाही आणि आवरायच्या आत घंटा होते. काय करावं?

साहित्य हातात पडलं की मुलांचं लक्ष सूचनांवरून उडतं. त्यामुळे आधी सूचना, मगच साहित्य. हा क्रम कितीही घाई असली तरी मोडू नका. सूचनांना पाच मिनिटं पुरतात. कृतीचे चार-पाच टप्पे फळ्यावर छोट्या वाक्यांत लिहा : ‘नळीत चुनखडीचा एक खडा टाका’, ‘ड्रॉपरने २ मिली आम्ल घाला’. ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’च म्हणतात. त्यापेक्षा दोघांना उठवून टप्पे त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. कुठे अडलं ते तिथल्या तिथे कळतं.

गोंधळाचं खरं मूळ मुलांच्या बोलण्यात कमी आणि जागा सोडून फिरण्यात जास्त असतं. चौघांचा एक, असे १२ गट करा आणि प्रत्येकाला काम नेमून द्या : एकाने साहित्य आणायचं, एकाने प्रयोग करायचा, एकाने वेळ बघून नोंद करायची, एकाने मोजून आवरायचं. जागेवरून फक्त साहित्य आणणारा उठेल. त्या बाराजणांनाही एकदम बोलवू नका, चार-चार गट बोलवा. कामं दर प्रात्यक्षिकाला बदला. नाहीतर धीट मूल कायम नळी धरतं आणि बुजरं मूल कायम वहीच लिहीत राहतं.

ट्रे तास सुरू होण्याआधी भरून ठेवावेत. आम्ल आणि कार्बोनेट यांच्या अभिक्रियेसाठी एका ट्रेमध्ये तीन परीक्षानळ्या, स्टँड, ड्रॉपर, चुनखडीचे चार-पाच खडे, ओला फडका, चार संरक्षक चष्मे आणि २० मिली विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची नाव लिहिलेली छोटी बाटली एवढं पुरतं. सोबत वस्तूंची नावं आणि संख्या लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आम्लाची मोठी बाटली वर्गात फिरवू नये. छोटी बाटली कलंडली तर ओल्या फडक्याने निभावतं, मोठीचं तसं नाही. बारा गटांना मिळून २४० मिली लागतं, म्हणजे ५०० मिली द्रावण बनवलं की झालं. १ मोलर तीव्रतेसाठी १२ मोलर संहत आम्ल सुमारे ४२ मिली घ्या. ते ढवळत ढवळत पाण्यात ओता आणि मग पाणी घालून ५०० मिली करा. आम्लात पाणी कधीच ओतू नये, उष्णतेने ते उसळून अंगावर येतं. हे काम चष्मा आणि हातमोजे घालून, हवेशीर जागी, मुलं येण्याआधी उरकावं.

वेळेची वाटणी अशी करून पाहा : स्थिरावायला २, सूचनांना ५, वाटपाला ३, प्रयोगाला १७, आवरायला ७ आणि चर्चेला ६ मिनिटं. आवरायची वेळ फळ्यावर लिहून ठेवा आणि ती झाली की प्रयोग अर्धवट असला तरी थांबवा. चिठ्ठीप्रमाणे मोजणी जुळली की ट्रे परत घ्या. चर्चा त्यानंतरच करा, कारण समोर नळ्या असल्या की हात तिकडे जातातच.

थांबायची खूणही एकच ठरवा. तुमचा हात वर गेला की हातातलं खाली ठेवायचं आणि तुमच्याकडे बघायचं. ही खूण आधी साहित्याशिवाय दोन-चारदा करून घ्या. गलक्यावर आवाज चढवून बोललं तर वर्गाचा आवाजही चढतो. हात वर ठेवून शांत उभं राहणं जास्त लवकर लागू पडतं.

प्रश्न : स्पिरिटचा दिवा मुलांच्या हाती देताना धास्ती वाटते. एक-दोघं ज्योतीशी खेळतात. त्यांना वर्गाबाहेर काढावं का?

बारा दिवे एकदम पेटवू नका. सहा गट तापवतील तेव्हा उरलेले सहा नोंदी आणि आकृती करतील, मग अदलाबदल. सहा ज्योतींवर एका माणसाची नजर राहू शकते. तुमची पाठ भिंतीकडे असावी, एका गटाकडे वाकून बाकीच्यांकडे पाठ करू नये.

भर उन्हात स्पिरिटची ज्योत जवळजवळ दिसत नाही, म्हणून टेबलं खिडकीतल्या उन्हापासून दूर घ्या. दिवा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. अगदी तळाशी गेलेलाही पेटवू नका, कारण रिकाम्या जागेत बाष्प आणि हवेचं पेटणारं मिश्रण साठतं. काडेपेटी तुमच्याजवळच राहू द्या. दिव्याने दिवा पेटवायचा नाही, कारण तिरका करताना स्पिरिट सांडतं. विझवताना फुंकर नको, टोपण घालायचं. स्पिरिट पूर्ण गार झालेल्या दिव्यातच, तासानंतर भरा.

परीक्षानळी पाव भागापर्यंतच भरलेली, तिरकी, तोंड कुणाच्याही दिशेला नसलेली हवी आणि ज्योतीवर सतत हलती हवी. एकाच जागी तळ तापला की तिथे अचानक वाफ होते आणि वरचा द्रव बाहेर फेकला जातो. तापवताना मुलांनी उभं राहावं, म्हणजे चटकन मागे सरता येतं. केस बांधलेले, ओढणी किंवा सैल बाही खोचलेली हवी. तापलेली काच गार काचेसारखीच दिसते, त्यामुळे नळी टेबलावर न ठेवता स्टँडमध्येच ठेवायची. तरीही भाजलंच, तर तो भाग लगेच वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका.

मुलाला बाहेर काढू नका. तिथे त्याच्यावर कुणाचं लक्ष नसतं आणि प्रयोगही बुडतो. जवळ जाऊन हळू आवाजात सांगा आणि त्या तासापुरतं काम बदला : दिवा सोडून नोंदी. पुढच्या प्रात्यक्षिकाला दिव्याची पाळी पुन्हा द्या.

प्रश्न : चर्चेत तेच दोन-तीन हात वर होतात.

प्रश्न विचारून आपण फार कमी थांबतो. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणसंशोधक. त्यांनी विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला तेव्हा शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं मोठी झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. प्रश्न विचारून मनात पाचपर्यंत मोजा. ‘नळीत बुडबुडे आले, तो वायू कोणता हे कसं ठरवाल?’ असा प्रश्न असेल तर आधी एक मिनिट वहीत लिहायला द्या, मग हात वर नसलेल्याला वाचून दाखवायला सांगा. उत्तर आल्यावरही लगेच ‘बरोबर’ म्हणू नका. पुन्हा तीन सेकंद थांबलात तर दुसरं कुणीतरी कार्बन डायऑक्साइडने दुधाळ होणाऱ्या चुन्याच्या निवळीचं नाव काढेल.