दोन ओळींच्या मेमरी लीक पॅचला एवढा रिव्ह्यू कशाला?

तुम्ही विचारलंय, लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरमधला मेमरी लीक (घेतलेली मेमरी परत न करणं) बुजवणारा दोन ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तपासायला कोणतं टूल वापरावं, कारण टीम लीड घाई करतोय. टूलचं नंतर. पॅच दोन ओळींचा असला तरी वाचायचं अख्खं फंक्शन असतं. यावरून पुण्यातल्या आधीच्या कंपनीत माझं लीडशी वाजलं होतं.

राउटरचा ड्रायव्हर होता. पाठवायच्या पॅकेटचं डीएमए मॅपिंग (हार्डवेअरला मेमरी थेट वाचता यावी म्हणून केलेली जोडणी) फसलं की फंक्शन एसकेबी, म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) पॅकेट धरून ठेवणारा बफर, फ्री न करताच 'टीएक्स ओके' (पॅकेट घेतलं) परत करायचं. सरळ लीक. सहकाऱ्याने एसकेबी फ्री करणारी ओळ टाकली आणि बाकीच्या कोडसारखं दिसावं म्हणून 'रिटर्न'च्या जागी 'गोटू आउट' (खालच्या 'आउट' लेबलवर उडी) केलं. डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळी दाखवणाऱ्या यादीत, बदलाच्या वरखाली तीन-तीनच ओळी दिसतात. ते लेबल चाळीसेक ओळी खाली होतं. फाइल उघडली तर तिथून 'टीएक्स बिझी' (आत्ता जमत नाही) परत जात होतं! बिझी म्हटलं की कर्नल तेच पॅकेट पुन्हा रांगेत लावतो. म्हणजे फ्री झालेला एसकेबी परत ड्रायव्हरच्या हातात. लीक परवडला असता.

मी लगेच लीडच्या डेस्कवर जाऊन हा पॅच नको म्हणालो. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दोन ओळींना दोन दिवस?" रिलीज तोंडावर होती, पॅच मर्ज झाला. तीन आठवड्यांनी लोड टेस्टमध्ये पॅनिक, म्हणजे कर्नलच कोसळला. स्टॅक ट्रेस (कोसळताना कोणती फंक्शन्स चालू होती त्याची यादी) भलत्याच ठिकाणचा, चार दिवस लोक टीसीपीचा कोड उकरत बसले. शेवटी मी दर पन्नासाव्या पॅकेटला मॅपिंग मुद्दाम फसवलं, केझॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलमधलं टूल) लावलं, आणि मिनिटभरात 'यूज आफ्टर फ्री', म्हणजे फ्री केलेल्या मेमरीचा वापर, समोर आलं.

तर टूल: लीकसाठी केमेमलीक, फ्रीनंतरच्या वापरासाठी केझॅन. पण एरर पाथ (काही फसलं तरच चालणारा कोड) चाललाच नाही तर दोन्ही गप्प बसतात, तो स्वतः चालवावा लागतो. रिमूव्हमध्ये, म्हणजे ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, फ्री_नेटडेव्हनंतर (नेटडेव्ह, म्हणजे नेटवर्क डिव्हाइसचं स्ट्रक्ट, फ्री करणारा कॉल) प्रायव्हेट स्ट्रक्टला, म्हणजे ड्रायव्हरच्या स्वतःच्या डेटाला, कुणी हात लावतंय का ते बघा, ती मेमरी नेटडेव्हबरोबरच जाते. मागे रांगेत लावलेलं काम (वर्क) त्याआधी कॅन्सल झालेलं हवं. हां, डेव्हएमने घेतलेली मेमरी (जी डिव्हाइस सुटलं की कर्नल आपोआप फ्री करतो) असेल तर हिशोब वेगळा, तिथे केफ्री (मेमरी हाताने फ्री करणारा कॉल) टाकणं हीच चूक.

आणि लीड ओळी मोजत असेल तर नकार पॅचखाली कारणासकट लिहा. मी तोंडी दिला होता. नंतरच्या मीटिंगच्या नोंदीत "रिव्ह्यूमध्ये कुणीही आक्षेप घेतला नाही" असं आलं. ते वाक्य मला आजही मान्य नाही.